दहाव्या खांबापाशी दुकान

चौथा खांब

मास्तर विजेच्या खांबाला टेकून उभे होते. हातात कापडावर खुणा करायचा निळा खडू, खांबावर ताजी रेघ, आणि पायांत परत जाण्याइतकी ताकद नाही.

मुलगा स्कूटर घेऊन आला.

"झाली हौस?"

"काल तिसऱ्यापर्यंतच आलो होतो."

"येता हो तुम्ही. परत कोण जाणार, खडू?"

मास्तर स्कूटरवर मागे बसले.

शून्य

पडल्यापासून आठ महिने ते खाटेवर होते. त्यांच्या पायांत बूट घालायलाही सुनेला खाली बसावं लागे.

"हाड जुळलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता बसून राहिलात तर साखर चढेल, झोप जाईल, तोल जाईल. चाला. थोडं, पण रोज."

"चाळीस वर्षं पायच चालवले मी. मशीनवर, जागच्या जागी."

शिवणाचं दुकान दहाव्या खांबापाशी होतं. मुलाने अट घातली, महिनाअखेरपर्यंत आपल्या पायांनी जाऊन परत या. नाहीतर किल्ली दुकान भाड्याने मागणाऱ्या झेरॉक्सवाल्याला.

दुसरा खांब (हो, मागे)

सून त्यांच्याच हाताखाली शिवण शिकलेली.

"बाबा, माया न ठेवता कापताय तुम्ही."

शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, ती माया. मागाहून कपडा सैल करायला तीच कामी येते.

"सगळे पाय जातानाच संपवता. यायला काय ठेवता? याच चुकीवरून मला पट्टी मारली होती तुम्ही."

"जोरात?"

"अजून आठवते."

मास्तर ओशाळले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खांबावरूनच वळले.

सहा, सहा, सहा

आठवडाभर सहाव्यापुढे सरकेनात. गुडघा रुसला होता. पण झोप लागू लागली. जिन्यात मध्येच दम खायचे, ते बंद झालं. साखर उतरलेली पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता माझ्या गोळ्यांना कोण विचारणार?"

नववा खांब

महिन्याचा शेवटचा दिवस. समोर बंद शटर, वर रंग उडालेली पाटी. एकच खांब उरला होता. जाता आलं असतं. येता आलं नसतं.

मास्तर पाटीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग नवव्यावर रेघ ओढली आणि वळले.

दार

मुलगा उंबऱ्यात, किल्ली हातात.

"पोचलात?"

"नाही. एक राहिला."

"हो म्हणायचं होतं. कोण बघायला आलं होतं?"

"आलो कसा, ते विचार."

मुलाने त्यांच्यामागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. झेरॉक्सवाला.

"नाही, आज नको," मुलगा फोनवर म्हणाला. मग जरा थांबून, "नाही, उद्याही नको. दुकानाचा मालक कामावर यायचाय."

किल्ली त्याने खिळ्याला अडकवली आणि आधार द्यायला वळला.

मास्तर एका पायावर उभे होते. भिंतीला हात न लावता दुसऱ्या पायातला बूट काढत होते.