थोरल्या भावाशी लग्न

हार्बिन, चीन. ऑगस्ट १९६०. दोन्ही देशांचं बिनसलंय, सोव्हिएत तज्ज्ञांना सप्टेंबरच्या आत परत बोलावलंय. आमच्या कारखान्यातल्या ग्लेबलाही.

ग्लेब टर्बाइनचा इंजिनिअर. मी, तोंग याचिन, त्याची दुभाषी. पाच वर्षं तो बोलतो, मग मी बोलते.

तीन वर्षांपूर्वी लग्न ठरवलं. लग्नाला दोन देशांचे दोन अर्ज लागत होते, सह्या डझनभर. ग्लेब म्हणाला, "कशाला? थोड्या वर्षांत आपला दोघांचा एकच देश होईल. तेव्हा एकच अर्ज भरू."

मी हसले. पण थांबले. खरंच थांबले.

आज आम्ही विभागप्रमुख लुआन यांच्यासमोर बसलोय. माझ्या हातात दोन्ही अर्ज. कोरे.

ग्लेब (रशियनमध्ये): यांना सांग, मला तुझ्याशी लग्न करायचंय. आठवड्याभरात.

मी (चिनीत): इंजिनिअर म्हणतात, त्यांना दुभाषीशी लग्न करायचंय. आठवड्याभरात.

लुआन: कुठल्या दुभाषीशी?

मी: माझ्याशी.

लुआन: अगं पोरी, आपण सोव्हिएत लोकांना काय म्हणतो? थोरला भाऊ. थोरल्या भावाशी लग्न लावतात का कुठे?

(हे मी रशियनमध्ये नेलं नाही. त्यांच्या भाषेत भाऊ म्हणजे नुसता भाऊ. थोरला की धाकटा, ते विचारावं लागतं. आमच्याकडे आधीच ठरलेलं असतं.)

ग्लेब: काय म्हणाले?

मी: विचार करतायत.

मग मी माझंच बोलले. नियमात बसत नव्हतं. "प्रमुख, पंचावन्नच्या मेजवानीत तुम्हीच म्हणाला होतात, पंधरा वर्षांत सीमा पुसली जाईल. भाषांतर मी केलं होतं."

"प्यायलो होतो."

"सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"सगळेच प्यायले होते." लुआननी चष्मा काढला. "एक देश झाला असता, बरं. राजधानी कुणाची? दप्तर कुठल्या भाषेत? माझा साहेब कोण, त्यांचा की आपला? टाळ्या वाजवताना हे कुणी विचारलं का? तूही नाही, मीही नाही."

"मग आता?"

"आता शिक्का माझ्याकडे नाही. वरती आहे. वरचे सध्या त्यांच्याशी बोलतच नाहीत." आवाज खाली आला. "गेल्या वर्षी आली असतीस तर मी डोळे मिटून मारला असता गं."

हे मात्र मी ग्लेबला सांगितलं. शब्दन् शब्द. गेल्या वर्षी. डोळे मिटून.

त्याने माझ्या हातातले अर्ज घेतले, उलटसुलट करून पाहिले, परत दिले.

लुआन: त्यांना आणखी काही म्हणायचंय?

मी (रशियनमध्ये): आणखी काही म्हणायचंय?

ग्लेब गप्प.

लुआन माझ्याकडे बघत थांबले. मी बोलल्याशिवाय त्यांना काही कळत नाही.

"ते काही म्हणाले नाहीत," मी चिनीत सांगितलं. मग सवयीने वळले आणि तेच ग्लेबला रशियनमध्ये सांगितलं.

त्याने मान हलवली. भाषांतर बरोबर होतं.