शेवटचा घास

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा थाळा आहे. चार माणसे माझ्याभोवती बसली तरी कुणाचे कोपर कुणाला लागत नाही, एवढा माझा घेर. तांबटाने मला तीन दिवस ठोकले. "सोस बाबा, उगाच का कुणी थाळा होतं!" म्हणत तो हातोडा घालायचा. मग आतून पांढरी शुभ्र कल्हई लागली आणि मी एका घरात आलो.

त्या घरात वेगळे ताट कुणी घेतच नसे. सगळे माझ्यातच जेवायचे, ज्याने त्याने आपल्या समोरचे. पोट भरले की समोर एक घास ठेवायचा, ही तिथली रीत. कुणाची बाजू रिकामी दिसली, तर शेजारच्याने आपल्याकडचे तिकडे सरकवायचे. हे कुणी कुणाला सांगितले नव्हते. मुले बघून बघून शिकायची.

पुढे घरच्या मुलाचे लग्न झाले आणि दूर देशाची सून आली. तिच्या माहेरी कणभर जरी उरले, तरी तो रांधणारीचा अपमान. पहिल्याच दिवशी तिने आपली बाजू लख्ख केली. सासूबाईंनी लगेच भात सरकवला. तिने तोही संपवला. पुन्हा सरकवला, पुन्हा संपला. बिचारी घामाघूम! असे आठ दिवस चालले. मला सगळे कळत होते, पण मला तोंड कुठे आहे?

नवव्या दिवशी सासूबाई हळूच सासऱ्यांना म्हणाल्या, "पोरीचं पोट आहे की विहीर?"

सुनेने ते ऐकले. त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात वेगळी ताटली घेऊन बसू लागली. तिच्यामागे मुलगाही गेला. उरलेल्या दोघांसाठी एवढे धूड घासणार कोण? मी माळ्यावर गेलो.

दोन वर्षे, मित्रांनो! माझी कल्हई उडाली, अंगावर हिरवे डाग चढले. खाली चार माणसे दोन खोल्यांत मुकाट्याने जेवत होती.

एका सकाळी दारात भंगारवाला आला. "त्या थाळ्यात आता जेवतंय कोण? देऊन टाका," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी मला खाली काढले. माझ्यावरची धूळ झटकत ते पुटपुटले, "सूनबाई रोज बाजू रिकामी करायची. तिची भूक भागवता भागवता आम्ही थकलो."

"भूक?" सून बाहेर आली. "बाबा, भूक कसली? मी तर आईंचा मान राखत होते!"

"अगं, आमच्यात बाजू रिकामी म्हणजे अजून हवंय! पोट भरलं की एक घास ठेवायचा."

मग तिने दोन्ही हातांनी माझा काठ धरला. "हा थाळा कुठेही जाणार नाही."

"ताई, यात जेवाल तर आजारी पडाल," भंगारवाला म्हणाला.

"मग कल्हई करून आणते."

मला कडेवर घेऊन ती स्वतः कल्हईवाल्याकडे गेली. परत आल्यावर म्हणाली, "आजपासून एकवीस दिवस माझा नेम. सगळ्यांनी यातच जेवायचं. आणि मी एक घास ठेवणार."

सोपे नव्हते ते. रोज तिची बोटे त्या घासाशी जायची, थबकायची, मागे यायची. सासूबाई समोर बसून नुसत्या बघायच्या.

एकविसाव्या दिवशी मात्र सासूबाईंनी सुनेच्या माहेरच्या रीतीने आपली बाजू पुसून लख्ख केली. जन्मात पहिल्यांदा! सुनेने ते पाहिले आणि भात सरकवला.

"हे काय गं?"

"भूक राहिली ना, आई? लाजू नका."

सासूबाईंनी निमूट तो संपवला. सुनेने पुन्हा सरकवला.

"अगं पुरे! जीव घेतेस का?"

"हा पहिलाच दिवस, आई. अजून सात बाकी आहेत."

सासऱ्यांना हसता हसता ठसका लागला. सासूबाईही हसल्या, डोळे भरेपर्यंत. मग सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तेव्हाच विचारायला हवं होतं गं मी."

मित्रांनो, तांब्याला कल्हई एकदा लावून भागत नाही. ती झिजते, पुन्हा लावावी लागते. विचारपूसही तशीच करत राहा. तुमच्याकडे दुरून कुणी जेवायला आले आणि त्याने घास ठेवला किंवा संपवला, तर मनातल्या मनात निवाडा करू नका. त्यालाच विचारा. आणि जेवण झाले की मला कोरडे पुसून ठेवा. उद्या पुन्हा चौघांना बसायचे आहे.