पिक्चरच्या आधीचा आवाज

चोरानं चोरीच्या मालावर आपली खूण करून ठेवावी, असलं शहाणपण सहसा कुणाला सुचत नाही. कळंबच्या गफारभाईंना सुचलं. बसस्टँडसमोर त्यांचं मोबाईलचं दुकान. काच बसवणं, चार्जर विकणं हे लोकांना दाखवायला. खरी बरकत मोबाईलच्या मेमरी कार्डात पिक्चर भरून देण्यात. शुक्रवारी लागलेला पिक्चर शनिवारी त्यांच्या कॉम्प्युटरवर असायचा आणि ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या, ट्रॅक्टरवाले, जीपवाले रांग लावून कार्ड नि पेन ड्राइव्ह भरून न्यायचे. यात काही वावगं आहे असं गफारभाईंना कधी वाटलं नाही. वावगं वाटलं ते भलत्याच गोष्टीचं. डेटा जाळून त्यांनी उतरवलेले पिक्चर पलीकडचे दुकानदार एखाद्या गिऱ्हाइकाच्या कार्डावरून उचलायचे आणि खुशाल विकायचे. दुसऱ्याच्या मेहनतीवर जगतात हरामखोर, असं ते अगदी मनापासून म्हणायचे.

म्हणून त्यांनी खूण घातली. नाव घालणं धोक्याचं, एवढी अक्कल होती. लॉकडाऊनचे दिवस होते, मुलगी उम्मेहानी तेव्हा चौदा वर्षांची, घरात बसून कंटाळलेली. तिच्याकडून त्यांनी एक वाक्य बोलून घेतलं आणि प्रत्येक पिक्चरच्या सुरुवातीला चिकटवलं : "बसलाव का समदे? मग लावते पिक्चर."

तिचा आवाज जरासा घोगरा, आणि शेवटी तिला हसू फुटलं होतं. लोकांना ते हसूच आवडलं. गिऱ्हाईक म्हणायचं, भाई, त्या पोरीवालाच द्या. तो आवाज पार कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवरच्या ऊसतोड्यांच्या कोप्यांत, पाचटाच्या झोपड्यांत, जाऊन पोचला आणि गफारभाई ते छाती फुगवून सांगायचे.

पाच वर्षांनी तीच उम्मेहानी पोलीस भरतीत निवडली गेली. धावणं, गोळाफेक, लेखी, मेडिकल, सगळं पार पडलं. उरली फक्त चारित्र्य पडताळणी. मोहल्ल्यात पेढे वाटून झाले आणि त्याच आठवड्यात शेजारच्या तालुक्यातल्या दोन कार्डवाल्यांना पोलिसांनी उचललं. कॉम्प्युटरसकट. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, कॉपीराइटचा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गफारभाईंना स्वतःची कैद सुचलीच नाही. तक्रारीत पोरीचा आवाज पुरावा म्हणून लागला तर तिची नोकरी गेली, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं आणि तिथून हलेना.

त्यांनी कॉम्प्युटर कोरा केला. पण आवाज तर हजारो लोकांच्या खिशात होता. एसटीत मागच्या बाकावर तो वाजला, न्हाव्याच्या दुकानात वाजला. गफारभाई अर्धी दाढी टाकून उठले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. त्यांनी उम्मेहानीला बजावलं, बाजारात बोलू नकोस, दुकानात आलीस तर हळू बोल, हसू तर अजिबात नकोस. पोरगी गुमान ऐकत गेली.

मंगळवारी दुपारी एक अनोळखी माणूस काउंटरशी आला. पन्नाशी उलटलेली, खांद्याला बॅग. पेन ड्राइव्ह पुढं करून म्हणाला, नवे पिक्चर भरून द्या. आमी तसलं काम करत न्हाय, असं गफारभाई कसंबसं म्हणाले. माणसानं पेन ड्राइव्ह उचलून ठेवला आणि शांतपणे सांगितलं, की तो मुंबईच्या एका पिक्चर कंपनीसाठी तपास करतो. मग त्यानं मोबाईल काउंटरवर ठेवून बोट लावलं.

"बसलाव का समदे? मग लावते पिक्चर." आणि ते हसू.

"हा आवाज तीन जिल्ह्यांत सापडलाय," तो म्हणाला. "ज्याच्या घरचा हा आवाज, त्याच्या दुकानातून माल निघतो. कुणाचा आहे?"

ठाऊक न्हाय, म्हणत गफारभाई काउंटरची काच पुसायला लागले. माणूस स्टूल ओढून बसला. ज्या पिक्चरच्या आधी हा आवाज लागलाय, त्यात मी स्वतः आहे, म्हणाला, तलाठी झालोय. उभा जन्म नाटकांत गेला, पडद्यावर पहिल्यांदा चार वाक्यं मिळाली. बायकोला घेऊन सोलापूरला बघायला गेलो, तर थेटरात आठ माणसं. बाहेर पानटपरीवर मात्र वीस जण मोबाईलवर तोच पिक्चर बघत होते. गफारभाईंना तो तलाठी आठवला. पोट धरून हसले होते ते, मागं घेऊन दोनदा बघितला होता. त्यांची मान खाली गेली. लाज वाटली, खरंच वाटली. पण भीती तिच्याहून मोठी होती.

तेवढ्यात उम्मेहानी डबा घेऊन आत आली. माणसानं सहज विचारलं, काय बेटा, काय शिकतेस? तिनं तोंड उघडलं आणि गफारभाई मधेच बोलून गेले.

"तिला बोलता येत न्हाय, साहेब. मुकी हाय. जन्मापासनं."

उम्मेहानीचं तोंड क्षणभर तसंच उघडं राहिलं, मग मिटलं. माणूस ओशाळला. माफ करा, म्हणाला, आणि नाव विचारलं. गफारभाईंनी तोंडाला आलं ते सांगितलं, उझमा. तिच्या डोक्यावर हात ठेवून माणूस निघाला. पाचच्या गाडीपर्यंत स्टँडवरच्या कँटीनमध्ये आहे, काही कळलं तर सांगा, म्हणाला.

गफारभाईंनी घाम पुसला. वाचलो बेटा, म्हणाले. उम्मेहानीनं डबा खाली ठेवला आणि त्यांनीच शिकवलेल्या हळू आवाजात बोलली.

"अब्बा, उद्या वर्दी अंगावर येईल. कुणी बाई रडत तक्रार सांगायला येईल. तवा बी मी मुकीच राहू का?"

तुझ्यासाठीच बोललो, असं ते म्हणाले.

"ते मला ठाऊक हाय. मला बी लई भ्या वाटतंय. बसमधी कुणाचा मोबाईल वाजला तरी मी तोंडावर ओढणी घेते. पर असं जन्मभर न्हाय व्हनार माझ्याच्यानं."

एवढं बोलून ती डबा उघडायला लागली, तेव्हा गफारभाईंना तिचे हात दिसले. लोखंडी गोळा फेकून घट्टे पडलेले हात थरथर कापत होते. पोलिसांची, वकिलांची, त्या माणसाची भीती त्यांनी सोसली होती. पोरीच्या हातांतली भीती मात्र त्यांना बघवेना. ते उठले.

रस्ता ओलांडताना दोनदा थांबले. कँटीनमध्ये माणूस चहा पीत होता. त्याच्यापुढं उभं राहून गफारभाईंनी सगळं सांगून टाकलं. पिक्चर म्याच भरले. आवाज पोरीचा, पर तवा ती चौदा वर्षांची होती, म्या सांगितलं ते बोलली. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा.

माणसानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, तक्रार द्यावीच लागेल. मुलीचं नाव येईल की नाही, ते माझ्या हातात नाही. गफारभाईंनी मान हलवली.

माणसानं वही उघडली. "मघाची तीच ना? खरं नाव काय तिचं?"

गफारभाईंनी वळून पाहिलं. उम्मेहानी रस्त्यापलीकडं दुकानाच्या दारात उभी होती. त्यांनी हात करून तिला बोलावलं.

"तिलाच विचारा, साहेब," ते म्हणाले. "तिला बोलता येतं."