माशावरचा मावा

भागुबाईंना रिकामं बसणं म्हणजे शिक्षा. मखमलाबादला शेवंतीच्या रानात उभा जन्म काढलेली बाई. गुडघे बोलायला लागले म्हणून दोन हजार तीन सालच्या थंडीपुरतं मुलाने, भारतने, त्यांना एकलहऱ्याला वीज केंद्राच्या कॉलनीत आणून ठेवलं. इथे नळ सोडला की पाणी, बटण फिरवलं की गॅस. भारत कामावर, सून प्रतिभा शाळेत शिकवायला. मग बाईंनी दिवसभर बघायचं कुठे? भिंतीकडे, नाहीतर काचेच्या टाकीतल्या भारतच्या माशांकडे.

त्या माशांचे लाड मात्र विचारू नका. डिस्कस म्हणे. ताटलीसारखे गोल, चपटे, अंगावर निळ्या रेघा. एक नर, एक मादी. नळाच्या पाण्यातला औषधाचा वास उडावा म्हणून भारत आदल्या दिवशीच पिंप भरून ठेवायचा आणि रोज टाकीतलं थोडं जुनं पाणी काढून तितकंच नवं घालायचा. गारठा बाधू नये म्हणून टाकीत हीटर. "मला कधी आंघोळीचं पाणी काढून दिलं नाही एवढ्या मायेनं," प्रतिभा म्हणायची. "सवत आणलीय आई, तीही पाण्यातली!" भागुबाई पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्या आठवड्यात मात्र भारतने टाकीच्या काचांना वर्तमानपत्र चिकटवलं. विचारलं तर म्हणाला, "शांत राहू दे त्यांना. कागद काढू नकोस, आई."

आता काढू नकोस म्हटल्यावर कोणाला राहवेल? दुपारी घर सामसूम झालं तसा त्यांनी कागदाचा कोपरा उचलला. मादी काळवंडली होती. तिच्या अंगभर बारीक बारीक किडे चिकटले होते, वळवळत होते, तिला टोचून खात होते. शेवंतीच्या शेंड्यावर चढतो तसा मावाच की हा! आणि माव्याचं काय, आज हयगय केली की उद्या झाड गेलंच. भारत येईपर्यंत मासळी हातची जायची, आणि पोरगं हळहळत बसायचं.

त्यांनी पदर खोचला. जाळीने मादीला अलगद काचेशी धरलं आणि जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्याने तिचं अंग हलक्या हाताने पुसलं. "झालं माय, झालं. जरा सोस." सुटलेले किडे त्यांनी तांब्यात भरून घेतले आणि तांब्या गॅलरीतल्या गुलाबाच्या कुंडीत रिकामा केला. दुसरा भरून वळतात, तर पहिल्या पाळीवरून आलेला भारत दारात उभा.

"आई, काय करतेस?"

"मावा पडला व्हता रे हिला. लय व्हता. काढला बघ सगळा." शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरीसारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

भारतने तांब्यात पाहिलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "आई, पिल्लं आहेत ती."

"पिल्लं? मंग तिला खात का व्हती?"

"खात नव्हती. या माशांच्या कातडीवर चिकट थर सुटतो. पिल्लं त्याच्यावरच जगतात, सुरुवातीला दुसरं काही चालतच नाही त्यांना." कसं समजावावं ते त्याला कळेना. मग घरातलाच शब्द सापडला. "अंगावर पितात, आई."

हातातला तांब्या त्याच्याकडे देऊन भागुबाई खाली बसल्या. अंगावर पिणारी लेकरं त्यांनी आईपासून पुसून काढली होती, आणि त्यातली निम्मी मातीत ओतली होती.

"मला सांगायचं नाय का, बाबा?"

"दर वेळी अंडी घालायचे आणि स्वतःच खाऊन टाकायचे. यंदा पहिल्यांदा जगली. म्हटलं, बोललो तर दृष्ट लागेल."

ही शिकवण कोणाची, हे विचारायची सोयच नव्हती. दिवस राहिले की तीन महिने कोणाकडे चकार शब्द काढायचा नाही, हा दंडक भागुबाईंचाच.

भारतने तांब्या टाकीत बुडवून हळूच कलता केला. "घाबरलेली मादी पिल्लांना गिळतेसुद्धा," तो म्हणाला. "आता तिच्या मनावर आहे." त्याने दिवा बंद केला, पडदे ओढले.

प्रतिभा आली, सगळं ऐकून घेतलं, चहा ठेवला. भागुबाईंनी कप बाजूला सारला. "लेकरांच्या तोंडचा घास काढला मी. ती पितील तवा मी पिईन." एरवी टोमणा मारणारी प्रतिभा आपलाही कप तसाच ठेवून त्यांच्या शेजारी बसली.

उन्हं कलली. कागदाच्या उचललेल्या कोपऱ्यातून दिसत होतं, तळाशी विखुरलेली पिल्लं एक एक करून नराच्या अंगाला लागली.

"बाप बी पाजतो?" भागुबाईंनी विचारलं.

"हो, दोघंही पाजतात."

"बघा! आमच्या नशिबी नव्हता असा." रडता रडता त्यांना हसू आलं.

मग नराने अंगाला एक झटका दिला आणि मादीच्या पुढे सरकला. पिल्लं तिच्याकडे निघाली. ती दचकून मागे हटली. पिल्लं पुन्हा गेली, आणि या वेळी मादी जागची हलली नाही. एक चिकटलं, दोन चिकटली, मग तिची सगळी कड भरून गेली.

भागुबाईंना हुंदका आवरेना.

"आई, पिताहेत की आता. का रडतेस?"

"तू तान्हा व्हतास. दसऱ्याचा झेंडू तोडत व्हते. तू बांधावर रडून रडून निळा झालेला, अन् सासूबाई म्हनल्या, आधी वाफा पुरा कर. चोळी भिजली रे माझी, पर हात थांबवला नाय. आले तवा तू झोपला व्हतास. उठवून पाजाया गेले, तर तोंड फिरवलंस. आज हिच्यासंगं मी तेच केलं."

"मला कुठलं आठवतंय, आई!"

"मला आठवतं."

भारत खाली बसला आणि त्याने त्यांच्या मांडीवर डोकं टेकवलं. मिशीत पांढरे केस आलेला माणूस, पण भागुबाईंनी त्याच्यावर पदर ओढून घेतला.