माझ्यावर टाकलेली चादर

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे आणि मी रागावलेलो आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली गोष्ट हळू आवाजात सांगावी, अशी रीत आहे. मला ती जमणार नाही. माझा आवाज मुळातच मोठा आहे.

अकोल्याच्या जुन्या शहरात नत्थुजी मिस्त्रींनी मला घडवलं. पत्रा ठोकला, तीन बाजूंना जाळ्या लावून त्यांत गवत भरलं, समोर पंखा बसवला. धर्मेंद्रभाऊंनी मला घरी आणलं, त्याच वर्षी त्यांची पायल जन्मली. तेव्हापासून खिडकीतल्या लोखंडी स्टँडवर मी उभा आहे. मे महिन्यात अंगणातल्या चपला चटके देतात, तेव्हा पायलची आजी, मनकर्णाबाई, बादलीनं माझं पोट भरते आणि घर गार होतं. कौतुक कोणी केलं नाही. मी मागितलंही नाही.

गेल्या वर्षी पायलच्या शाळेत एक पत्रक आलं. जपानची एक मुलगी उन्हाळ्यात तीन आठवडे अकोल्यात राहून शिकणार होती आणि नंतर इथला एक विद्यार्थी तीन आठवडे जपानला जाणार होता. वयाच्या मर्यादेशिवाय अट एकच. ज्या घरी पाहुणी उतरेल, त्याच घरचं मूल जाईल.

पायलनं मोबाइलवर पाहून जपानी अक्षरं गिरवली. त्यांच्या चिठ्ठ्या ती माझ्या पत्र्यावर चिकटवायची. ओलीनं त्या गळायच्या, ती पुन्हा चिकटवायची. लेखी परीक्षेत ती पहिली आली, मुलाखतीतही पहिली आली. आता फक्त समिती घर पाहायला यायची होती.

त्या सकाळी धर्मेंद्रभाऊ नवी चादर घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

"हा डब्बा दिसला नाही पाहिजे. लोकाइच्या घरी एसी आहे, अन् आपल्या इथं हे धूड!"

"अरे, ते साहेब उकडून मरतीन ना," मनकर्णाबाई म्हणाली.

"मरू दे. इज्जत तर राहीन!"

त्यांनी माझं बटन बंद केलं आणि मला डोक्यापासून झाकलं. वर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली. पंधरा वर्षांच्या चाकरीचं हे बक्षीस!

दुपारी समितीचे दोन साहेब आले. दहा मिनिटांत त्यांचे शर्ट पाठीला चिकटले. एकानं फाइलीनंच वारा घेतला.

"केवढं तापतं हो हे घर!"

पायलनं सांगायला तोंड उघडलं, पण बापाकडे पाहून मिटलं. साहेबांनी लिहिलं, 'घर फार तापते. परदेशी पाहुणीस राहण्यास अयोग्य.' यादीत दुसरा शिवम होता. त्याच्या बंगल्यात एसी होता. पाहुणी तिकडे गेली आणि पायलची जागाही तिच्या मागे गेली.

मला चादरीचा राग आला. साहेबांचा त्याहून जास्त आला. या घरातली माणसं उन्हाळा कसा काढतात, एवढं एक वाक्य त्यांना विचारता आलं नाही? की असल्या घरची माणसं भाजतच राहतात, असं त्यांना वाटलं?

पुढच्या आठवड्यात त्या मुलीला, युकाला, पातूरची लेणी दाखवायला नेलं. सोबत समितीतले एक साहेब आणि वर्गातली मुलं होती, पायलही होती. परतताना उन्हानं युकाला भोवळ आली. वाटेत सगळ्यात जवळ आमचंच घर होतं. त्याच साहेबांनी तिला उचलून आत आणलं.

"कूलर लाव वं!" मनकर्णाबाई ओरडली. दिवसा कोणी येईल म्हणून भाऊ अजूनही मला झाकून ठेवायचे; पायलनं ती चादर ओढून फेकली. कुंडी खाली पडली. मी जीव तोडून फिरलो.

पन्हं पिऊन युका माझ्यापुढे दोन तास गाढ झोपली. उठली आणि माझ्या पत्र्यावरच्या चिठ्ठ्या पाहून हसली. पायलशी थोडं जपानीत, थोडं हातवाऱ्यांनी बोलली.

"काय म्हणून राहिली?" आजीनं विचारलं.

"म्हणते, गवताचा वास लय चांगला येते. मी इथंच राहू का, विचारते."

साहेब म्हणाले, "आता नियमात बसत नाही. अहवाल गेला."

"अहवालात हा कूलर लिवला का?"

"तो आम्हाला दिसलाच नाही, आजी."

"तुमी इचारलं?"

मनकर्णाबाई मग दारात उभ्या असलेल्या लेकाकडे वळली. "घाल, अजून चादरी घाल!"

जूनमध्ये शिवम जपानला गेला. पायल त्या दिवशी शाळेत गेली नाही.

मित्रांनो, यंदा पुन्हा पत्रक आलं. वयाच्या अटीमुळे पायलला ही शेवटची संधी आहे. ती पुन्हा पहिली आली आहे आणि उद्या दुपारी समिती येणार आहे. धर्मेंद्रभाऊंनी आज स्वतः माझं जुनं गवत काढून नवं भरलं. पत्र्यावरची एकही चिठ्ठी त्यांनी फाडली नाही.

तुमच्याही घरी माझ्यासारखं काहीतरी असेल. त्याचं गवत बदला, तेलपाणी करा. पण पाहुणा आला म्हणून त्याच्यावर चादर टाकू नका. तुम्ही झाकलं, की समोरच्याला न विचारण्याची सोय होते.

उद्या काय होईल, मला ठाऊक नाही. पण साहेबांना पुन्हा 'घर तापते' असं लिहायचं असेल, तर या वेळी ते माझ्यासमोर बसून, माझ्या गार वाऱ्यात, उडणारा कागद हातानं दाबून धरून लिहावं लागेल.