वातींची मजुरी

त्या सालांत वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव होता आणि ज्वारी औषधालाही मिळत नव्हती. साता समुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली, म्हणून इंग्रजाला आमच्या कापसाची आठवण झाली. आमच्या शहाण्यांनी सगळं काळं रान कापसाखाली घातलं. कापूस खाता येत नाही, हे आधी कळलं ते म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि दुखणेकऱ्यांना.

अमरावतीच्या कापूसबाजारामागे कापसावर गब्बर झालेल्या ओमप्रकाश शेठनं अशांसाठी अन्नछत्र उघडलं होतं. कापसातलं पाप धुवायला, असं लोक म्हणत. म्हणोत बापडे. ज्वारी शेठची होती आणि चूल पार्बताबाई माळणीची. ज्याला जे पचेल ते ती रांधायची. कुणाला मऊ कण्या नि ताक, कुणाला मुगाचं कढण, दात नसलेल्याला दुधात कुस्करलेली भाकर.

तिथं अंजनगावचा भगवंतराव येऊन पडला. घरची जमीन, दारात बैलजोड्या. कापसाच्या गाड्या घेऊन पोरासोबत आला आणि बाजारातच रक्ती हगवणीनं आडवा झाला. पोरगा चंद्रभान त्याला छत्राच्या ओसरीवर निजवून, "दोन दिवसांत येतो" म्हणत गाड्या अकोल्याला घेऊन गेला. तिकडे भाव चढता होता. दोन दिवसांत तो कसला येतोय!

म्हातारा छत्रातलं काही खाईना.

"धर्माचं मी नाई खात, बाई. माह्या दारात लोकं जेवून गेले. मी काही आयत्या बिळावरचा नागोबा नाई."

"पोटात काही नाई गेलं तं मरसान, आबाजी."

"मरीन."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा. पार्बताबाईला संताप आला आणि कीवही आली. मग तिनं युक्ती केली. देवीच्या देवळाला छत्रातून वाती जायच्या, आणि वातीच्या कापसातली सरकी हातानंच काढायची असते. तिनं कापसाची टोपली त्याच्यापुढे ठेवली. "देवीचं काम हाय. जो करन त्याले मजुरी म्हून जेवण."

भगवंतरावानं कापूस बोटांत चाचपला. "धागा बरा हाय," म्हणाला आणि पडल्यापडल्या सरकी काढू लागला. टोपली सरली की वाडगं मुकाट हातात घेई. हळूहळू तोंडावर कळा आली. पार्बताबाई आपल्याच अकलेवर खूश होती.

मग दुखणं उलटलं. बोटं चालेनात. टोपली भरलेली राहिली आणि त्यानं कण्यांचं वाडगं बाजूला सारलं.

"काम नाई झालं. मजुरी कायची?"

काम हे नुसतं निमित्त होतं, हे खरं सांगावं, तर आजवरची सगळी वाडगी भिकेची ठरणार. न सांगावं, तर आजचं वाडगं तसंच राहणार. स्वतःच्याच युक्तीत बाई अडकली. तो डोळे मिटून पडला, तेव्हा तिनंच बसून भराभर सगळी सरकी काढली आणि टोपली त्याच्या हाताशी नेऊन ठेवली.

"झालं पाहा काम, आबाजी. आता जेवा."

त्यानं कापूस चाचपला. जन्म कापसात गेलेला माणूस तो.

"हे माह्या हातचं नोय, बाई. तू केलं, तू खाय."

तिनं हात जोडले, शिव्या दिल्या, चमचाभर ताक ओठांना लावलं. त्यानं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी ऊन ओसरीवर यायच्या आत तो गेला. कण्या वाडग्यातच घट्ट झाल्या होत्या.

चंद्रभान आला तो बैलांच्या गळ्यात नवी चांदीची घुंगरं बांधून. बापाच्या पायांवर पडून खूप रडला. मग डोळे पुसून पार्बताबाईला बाजूला घेऊन हळूच विचारलं,

"मावशी, गावात लोकं इचारतीन. माह्या बापानं इथं धर्माचं तं नाई खाल्लं?"

"नाई खाल्लं," पार्बताबाई म्हणाली. "खाल्लं असतं तं आज तुह्या गाडीत बसून घरी गेला असता."