बाबांना स्वतः चढता येईल अशी होडी

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं लोकांना आ करायला लावलं. दातांचे डॉक्टर. तरुणपणी त्यांच्याकडे शिडाची होडी होती; पुढे दवाखाना, मुलं आणि गुडघे या क्रमाने ती सुटली. पंचाहत्तरावं लागलं त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की आपल्याला पुन्हा होडी घ्यायची आहे. दुपारी दोन तास हिंडायला, आणि जमलं तर शनिवार-रविवार पलीकडच्या बेटापर्यंत. अट एकच. चढणार आणि उतरणार ते स्वतः.

"दोघांनी बखोटीला धरून मला आत ठेवायचं असेल, तर त्या प्रवासाची घाई नाही," ते म्हणाले. "तो नंतर आहेच."

आमच्या घरात कुठलाही निर्णय एकट्याने घ्यायची पद्धत नाही, त्यामुळे ताबडतोब समिती तयार झाली. मेहुण्याला आत झोपायची सोय हवी होती, कारण शनिवार-रविवार. बायकोला संडास हवा होता, कारण शनिवार-रविवार. मला होडी हलकी हवी होती, कारण ती कुणाच्या गाडीला बांधून ओढली जाणार हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मेहुण्याने तक्ता केला. अकरा होड्या, सतरा रकाने. शेवटचा रकाना 'बाबा चढतात का' हा. कागद संपत आल्यामुळे तो सगळ्यात अरुंद झाला होता.

होड्या विकणाऱ्याचं आवार धक्क्याला लागूनच होतं. थंडीचे दिवस, त्यामुळे विकायच्या सगळ्या होड्या पाण्याबाहेर काढून लाकडी टेकूंवर उभ्या केलेल्या. विकणारा अंगाने धिप्पाड आणि बोलायला काटकसरी. "शिडी तिकडे आहे," एवढं सांगून तो आपल्या रंगाच्या डब्यांकडे वळला.

चार रविवार आम्ही तिथे काढले. मेहुणा शिडी लावायचा, मी ती धरायचो, बायको "बाबा, जपून" म्हणायची, सासरे काही पायऱ्या चढायचे, गुडघ्याशी हलक्या आवाजात काहीतरी बोलायचे आणि खाली यायचे. मेहुणा फुली मारायचा.

"ही निळी काय गोड आहे हो!" तिसऱ्या रविवारी बायको वरून ओरडली. "दोन माणसं आरामात झोपतील. आणि चक्क संडास आहे!"

"आठ पायऱ्या," मेहुणा फुली मारत म्हणाला.

"बाबा, एकदा परत बघता का?"

"पाचव्या पायरीवर माझी आणि डाव्या गुडघ्याची ताटातूट झाली," सासरे म्हणाले. "मी वर जायच्या बाजूने होतो. तो खाली."

चौथ्या रविवारी एक पिवळी सापडली. चपटी, उथळ, साधारण परातीच्या घाटाची. दोन पायऱ्यांत सासरे आत! बायकोने डोळे टिपले. मेहुण्याने पहिल्यांदा बरोबरची खूण केली आणि झोपायची सोय, संडास वगैरे तेरा रकाने मोठ्या मनाने खोडले. ती हलकी होती म्हणून मीही उदारपणे पाठिंबा दिला. बूट हातात घालून बघणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसा विकणारा आमच्याकडे बघत होता.

"पाण्यात घालून बघणार का?" त्याने विचारलं. महिनाभरातलं त्याचं ते सगळ्यात लांब वाक्य.

पुढच्या रविवारी पिवळी धक्क्याला लागली. धक्का तरंगता, लाकडी. सासरे जुनी टोपी घालून आले होते. त्यांनी एक पाय होडीच्या काठावर ठेवला. होडीने अदबीने मान तुकवली आणि मागे सरकली. एक पाय धक्क्यावर, एक होडीत, आणि मधलं पाणी वाढत चाललेलं. मी आणि मेहुण्याने त्यांना बखोटीला धरून मागे ओढलं.

म्हणजे नको म्हणून सांगितलेलं नेमकं तेच केलं.

सासऱ्यांनी टोपी सारखी केली. "चला घरी," ते म्हणाले. "झालं बघून."

ते पुढे, आम्ही तिघं मागे, असे निघालो. धक्क्याच्या टोकाशी एका पांढऱ्या होडीत शिडं शिवणाऱ्या बाई मांडीवर शीड घेऊन ठिगळ लावत बसल्या होत्या. सासरे थबकले. टाके दिसले की त्यांना राहवत नाही.

"हात चांगला आहे तुमचा," ते म्हणाले.

"बघायचं तर आत या, काका. वर बघून माझी मान मोडायची वेळ आलीय."

आणि सासऱ्यांनी डोलकाठीच्या तारेला हात घातला, पाय टाकला आणि आत गेले. एकच पाऊल. होडी जेमतेम हलली. आम्ही तिघं हात पुढे करून धक्क्यावर तसेच उभे, बस पकडायला आल्यासारखे. सासरे टाके बघायला वाकले, आणि मग त्यांना कळलं आपण कुठे आहोत.

"ही कुठली होडी?" त्यांनी विचारलं.

"निळीची बहीण," मागून आलेला विकणारा म्हणाला. "एकाच साच्यातली."

"शक्य नाही," मेहुणा तक्ता फडकवत म्हणाला. "निळीला आठ पायऱ्या आहेत!"

"पायऱ्या शिडीला आहेत. होडीच्या पोटाखाली छातीएवढं उंच लोखंडी पातं आहे. जमिनीवर होडी त्याच्यावर उभी राहते. पाण्यात ते पाण्याखाली जातं. त्याच्या वजनानेच ती कलत नाही."

"अहो, मग चार रविवार बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला शिडी घ्यायचीय."

मेहुण्याने तक्त्याची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली.

"बाबा, उतरायला हात देऊ?" बायकोने विचारलं.

"लांब उभी राहा."

पण ते उठले मात्र नाहीत. ठिगळाबद्दल विचारलं, दोऱ्याबद्दल विचारलं, बाईंच्या अक्कलदाढेची चौकशी केली. अर्धा तास गेला. हे सगळं धैर्य गोळा करणं चाललंय, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं आणि कुणीही ते कळल्यासारखं दाखवत नव्हतं. शेवटी त्यांनी तार धरली, उजवा पाय धक्क्यावर टेकला, गुडघ्याची थोडी वाट पाहिली, आणि डावाही आला.

"जावईबापू," माझ्यासमोर ताठ उभे राहून ते म्हणाले, "निळी पाण्यात घालायला सांगा."

निळी माझ्या गाडीला ओढवणार नव्हती. ती कायमची धक्क्यालाच राहणार होती. मी हे दुःख धीराने सोसलं.

मागे वळून बघतो तर सासरे पुन्हा पांढरीत. मग बाहेर. मग परत आत.

"काका," तोंडात सुई धरून बाई म्हणाल्या, "ठरवा काय ते. मला अजून दोन हात शिवायचंय."